आधी थोडा आवळ

सित्रा. पहाटेचे साडेचार, आणि अंगातला शर्ट
नळाखाली धरल्यासारखा.
खाऱ्याचं गोडं करणाऱ्या प्लांटात
चार नंबरचा पंप झाकण काढून बसलाय.
बारा बोल्ट होते. अकरा निघाले.
बारावा मानेतून तुटला.

रात्रपाळीच्या सजीने पान्यावर चारफुटी पाइप चढवला
आणि लटकला.
टक्, एवढाच आवाज;
फोरमनच्या शिव्या मात्र बराच वेळ.
आता डोकं माझ्या खिशात आहे,
धड लोखंडात, कडेपासून सूतभर खाली.
चिमटा पोचत नाही, नखही नाही.

दुपारी बारा ते चार उन्हात कामाला बंदी.
म्हणजे माझ्याकडे साडेसात तास,
आणि कुठल्यातरी गल्लीत, गच्चीवर,
एखादी टाकी तळाला चाललेली असणार.

तेल सोडतो. थांबतो.
बशीर हुरजूक, मिरकरवाड्याचे,
ज्यांच्या हाताखाली मी पाना धरायला शिकलो,
म्हणायचे, जोर काय गाढवालाही असतो,
फिटरच्या हाताला कान हवेत.
तेल आपलं आपण उतरतंय, तू जा, चहा पी.

पितो. करक, कागदी कपात, वेलदोडा जरा जास्त.
ओहोटी लागलीय, चिखलाचा वास येतोय.
गुहागरच्या खाडीसारखा, असं उगाच कशाला म्हणू,
ह्यात डिझेल आहे.

मग मधोमध पंच. एक ठोका.
वाकडा बसला. पुन्हा.
ड्रिल घसरलं तर आटे जातील,
आटे गेले तर केसिंग, आणि केसिंग
जर्मनीहून यायला सहा आठवडे.
डावं बिट लावतो, उलट्या दिशेने खाणारं.
कधीकधी तेवढ्यावरच वळतो बोल्ट, लाजून.
हा कसला लाजतोय.

शेवटी जुनाच उपाय. तुटक्यावर नट ठेवायचा,
आतून वेल्डिंग भरायचं,
म्हणजे त्याला नवं डोकं द्यायचं.
दिलबहादूर काच खाली ओढतो. निळा उजेड.
लाल काळं पडेपर्यंत
कुणी काही बोलत नाही.
मी मेणबत्तीचं टोक कडेला टेकवतो
आणि मेण आत पळतं,
तेल जिथं अडलं होतं त्याच्याही पुढे.

आता पाना. आणि इथेच सगळे चुकतात.
सोडवायचाय म्हणून थेट उलटा फिरवतात.
आधी थोडा आवळ, चाचा सांगायचे.
केसभर. त्याला वाटू दे, आपल्याला राहायचंय.
मग केसभर सैल.
परत आवळ.
परत.

कुईं करतो. पाव फेरा.
तपकिरी भुकटी सांडते, मग अर्धा,
मग एकदम मऊ, जणू कधी अडलाच नव्हता.

सात वाजून दहा मिनिटांनी हातमोज्यात गरम बोल्ट.
खिशातलं डोकं रॉकेलने पुसतो,
उगीच, जोडून बघायला.
डोक्यावर पिवळ्या रंगाची रेघ,
तपासून आवळला, अशी खूण.
शेजारी दोन अक्षरं, अर्धी गेलेली.
माझीच.

सहा वर्षांपूर्वीचा जुलै.
अण्णा गेल्याचा फोन इथेच, ह्याच पंपापाशी घेतला.
रजा शटडाऊन संपल्यावर, असं ठरलं.
अकरा बोल्ट तोवर झाले होते.
राहिलेला एक
ग्रीस न लावता, टॉर्कचा पाना न घेता,
मी दोन्ही हातांनी आवळला,
आणि थांबायचं तिथं थांबलो नाही.

सजी कोपऱ्यात मान घालून बसलाय.
त्याला म्हणतो, तुझ्या हातून नाही तुटला.
तो बघतो. पुढे काही विचारत नाही.

टॅप घालून आटे साफ करतो, फुंकर मारतो.
नवा बोल्ट. तांब्याचं ग्रीस, बोटाने,
लागतं त्याहून थोडं जास्तच.
टॉर्कचा पाना टिक् म्हणतो
आणि मी हात काढून घेतो.

रंगाचं पेन सजीला देतो.
तो आधी हात पुसतो.